अष्टमीचं पाणी

॥ एकवीरा आई बघते आहे ॥

डोंबिवली पश्चिम, खाडीकडचा पाडा
नागपंचमी

चिरंजीव दक्षता,

आशीर्वाद लोक पत्राच्या शेवटी देतात. मी आधीच देते, कारण बोलता बोलता माझं काय राहून जाईल त्याचा नेम नाही.

तू आत्या झालीस गो बाय! यज्ञेशने तुला फोटो पाठवला असेल, पण फोटोत काय दिसतं? टोपडं आणि मिटलेले डोळे. मी सांगते ते ऐक. नाक आपल्या घरचं, म्हणजे बसकं. जावळ एवढं दाट की तेल घातलं तरी मुरत नाही. रडली की पोपटकाकांच्या घरापर्यंत ऐकू जातं. ते बोलले, "मनुबाई, ही सोसायटीची चेअरमन होणार, माझी खुर्ची गेली." मच्छीमार सोसायटीत त्यांचं आता ऐकतं तरी कोण, पण खुर्चीवर जीव आहे माणसाचा.

तुला वाटेल सुनेचं पहिलं बाळंतपण सासरी कसं. तर ऐश्वर्याची आई खडवलीला पाय मोडून बसलीय. मी बोलले, ठेव पोरीला इथे, मला काय जड नाही. खालची नवीन खोली दिली तिला. डिंकाचे लाडू केले, शेपा भाजल्या. मला तर विशीतली झाल्यासारखं वाटतंय. गुडघा तेवढा ऐकत नाही.

आमच्याकडे मध्ये जरा पाणी आलेलं. आलं आणि गेलं. तू काळजी करू नको.

आता तुझा बाप समोर येऊन बसलाय. "आये, मुद्द्याचं लिव," बोलतोय. बरं, लिहिते. महेंद्रचं म्हणणं असं. ठाण्याला मोठ्या कचेरीत सुनावणी लागलीय. पाड्याला दगडी बांध पाहिजे, आणि नदीच्या वरच्या अंगाला खाजणाच्या दलदलीत ज्यांनी माती-डबर ओतून भराव केला त्यांनी तो काढायला पाहिजे. तर तू तिकडे नॉर्वेत ह्याच हवापाण्याचं शिकलीस, तिथेच नोकरी करतेस, म्हणून तुझ्या सहीशिक्क्याचा एक कागद पाठव. त्यात लिही की आपल्याकडे पाणी आलं ते जगाची हवा तापली म्हणूनच आलं, शंभर टक्के. "शंभर टक्केच्या खाली रेघ मार," बोलला. मारली.

गेला उठून. जाळं सुकत घातलंय ते बघायला.

बाय, दोन वर्षं तुम्ही बापलेक बोलत नाही. आता पण "कशी आहे" असं विचारायला त्याने सांगितलं नाही, ते मी माझ्या मनाने विचारते. कशी आहेस? तुळसा असती तर तिने तुम्हा दोघांचे कान धरून एका पाटावर बसवलं असतं. तुझी आई बोलायची कमी, पण धाक होता तिचा.

बारशाला ये. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानेच. पोर नावाशिवाय पडलीय, सगळे तिला नुसतं "ए चिमणे" करतात. पोस्टाला उशीर लागतो म्हणून यज्ञेश ह्या पानांचा फोटो काढून पाठवणार आहे. वाचणार नाही बोलला. वाचतोच मेला.

तुझी आजी


गोकुळाष्टमी

दक्षता बाय,

तुझं उत्तर यज्ञेशने झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं आणि ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. मला समजलं ते असं. जगाची हवा तापलीय हे पक्कं, त्यात वाद नाही. तापली म्हणून असा ढगफुटीसारखा पाऊस पडायची शक्यता वाढलीय, हे पण जवळजवळ पक्कं. पण ह्याच एका दिवसाचं पाणी त्याच्यामुळेच आलं, असं शंभर टक्के लिहिता येणार नाही. भरावामुळे पाण्याची वाट अडली, तो वाटा पण आहे. कुठला वाटा केवढा, ते मोजायला वेळ लागेल आणि तरी अंदाजच राहील. एवढं सगळं लिहून सहीशिक्का देते, असं तू लिहिलंस. बरोबर ना?

महेंद्रने कागद ओढून घेतला. "तेव्हा पण नक्की नाही, आता पण नक्की नाही! पाणी यायच्या आधी विचारलं तर माहीत नाही, येऊन गेल्यावर विचारलं तर माहीत नाही. मग एवढी वर्षं तिकडे बर्फात काय मोजते ही?"

मला ती देवळातली मीटिंग आठवली. तू सुट्टीला आलेलीस, भिंतीवर लाल-निळी चित्रं लावून समजावलेलंस. पाड्यात पाणी शिरायचा धोका वाढतोय, खालच्या अंगाला बांधकाम करू नका. तर हा तुझा बाप सगळ्यांच्या देखत उभा राहिला. "दक्षे, सरळ सांग. येणार की नाही?" तू बोललीस, "पप्पा, येऊ शकतं. कधी ते कोणी सांगू शकत नाही." पोपटकाका बोलले, "हे तर तुझी आत्या गोदूबाई पण फुकटात सांगते, त्याला विमानाने कशाला जायचं?" लोक हसले. त्यावर महेंद्र बोलला, "म्हणजे नाही येणार." आणि यज्ञेशने खालची खोली बांधली. तू मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी बॅग भरलीस. कोणी अडवलं नाही गो तुला. रिक्षा वळेपर्यंत सगळे आपापल्या दारातून बघत होते.

मागच्या पत्रात मी पाण्याचं दोन ओळींत उरकलं. महेंद्र समोर होता. आज सांगते.

आषाढातली अष्टमी होती. आपल्याकडे पोराला पण ठाऊक, पुनव-अवसेला उधाण, तेव्हा पाणी चढतं. अष्टमीला भांग. भांगाचं पाणी म्हणजे म्हातारं पाणी, दोन पावलं चढतं नि दमून माघारी जातं. पाऊस धो धो पडत होता, मोबाईलवर सूचना येत होत्या. शेजारची रखमाबाई बोलली, वस्तू वर घ्या. महेंद्र हसला. "आज अष्टमी, वयनी. आज खाडीला बोलावलं तरी येणार नाय." सगळा पाडा असाच निवांत होता. उधाण असतं ना, तर आम्ही माळ्यावर चढून बसलो असतो. जन्म गेला खाडीवर, तिथीचा हिशेब कधी चुकला नव्हता.

पाणी खाडीकडून आलंच नाही. मागून आलं, नदीच्या अंगाने, भरावाला वळसा घालून. गढूळ, झाडंझुडपं घेऊन. खालच्या खोलीत ऐश्वर्या निजलेली, झोळीत पोर. ऐश्वर्याने पाय खाली टाकला तो पाण्यात. तिची किंकाळी ऐकून महेंद्र धावला. पोरीला त्याने डोक्यावर धरून बाहेर काढलं. झोळीचा तळ भिजलेला होता. मी तिला पुसलं तर ती जांभई देत होती.

तेव्हापासून तो कोणाशी धड बोलत नाही. म्हणून त्याला शंभर टक्के पाहिजे गो. मला असं वाटतं, कोणीतरी ठासून सांगितलं की हे जगामुळे झालं, तर ते त्याच्या अष्टमीच्या हिशेबामुळे झालं नाही असं होईल.

मी त्याला एक विचारलं. बोलले, "डॉक्टरने ऐश्वर्याला श्रावणातली तारीख दिलेली. पोर आषाढातच आली. म्हणून डॉक्टर खोटा काय? पोट खोटं काय?"

"आये, पोट दिसतं."

"पाणी पण दिसलं की रे."

ताट सरकवून उठला. सुरमई होती, तशीच टाकली. मांजरीचं फावलं.

बारशाचं बघ. तिकीट मिळत नसेल तर तसं सांग. यायचं नसेल तर तसं पण सांग, म्हातारीला राग येत नाही.

तुझी आजी


गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

दक्षता,

बारसं झालं. तू सुचवलंस तेच नाव ठेवलं, रुचिता. तुझ्या जागी माजिवड्याची गोदूबाई उभी राहिली. आत्याची आत्या, चालतं. पण गोदूबाईचा आवाज म्हणजे लाऊडस्पीकर. कानात सांगायचं नाव ती अशी ओरडली की पोर दचकली आणि बाहेर मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसून हसून पडले. मग आत जाऊन जरा बसले. तुझ्यासाठी साडी काढून ठेवलेली, मोरपंखी. ती तशीच घडी करून ठेवली.

आता सुनावणीचं. महेंद्रने तुझा कागद नेलाच नाही. त्याने ठाण्यातलाच एक माणूस शोधला. क्लास घेतो, भाषणं देतो, नावापुढे डॉक्टर लावतो, तो सुई टोचणारा नव्हे. त्याने पाहिजे तसं लिहून दिलं. शंभर टक्के, जगाच्या तापलेल्या हवेमुळेच, दुसरं काहीही कारण नाही. महेंद्र खुश. सगळ्यांना वाचून दाखवलं. "ह्याला म्हणतात शिकलेला माणूस. छाती ठोकून सांगतो."

मी पण गेले ठाण्याला. रुचिताला आणि ऐश्वर्याला गोदूबाईकडे ठेवलं, सोबत म्हणून यज्ञेश राहिला. कचेरीत पंखा होता पण आमच्यावर नव्हता. साहेब चांगला होता, ऐकून घेत होता. मग भराववाल्यांचा वकील उभा राहिला. पोरसवदा, केस चापूनचोपून बसवलेले. मला वाटलं आता आपला कागद खोडून काढणार. तर त्याने तो उलट प्रेमाने हातात घेतला.

"साहेब, हा अर्जदारांचाच कागद. आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. ह्यात लिहिलंय, पाणी जगाच्या हवेमुळे आलं, दुसरं काहीही कारण नाही. म्हणजे आमच्या भरावाचा काही संबंध नाही. आता जगाची हवा काय माझ्या अशिलाने तापवली?"

सगळी कचेरी हसली. साहेबाला पण हसू आलं, त्याने रुमाल लावला तोंडाला. महेंद्र उभा राहिला, बोलला, "तसं नाय, भराव पण..." साहेब बोलले, "अहो, तुमच्याच कागदात नाही म्हटलंय." ठाण्याच्या त्या डॉक्टरने खाली मान घालून मोबाईल काढला.

भरावाचा अर्ज फेटाळला. बांधाचं "पाहू" असं लिहिलं.

परत येताना बसमध्ये महेंद्र माझ्या शेजारी बसलेला. खिडकीबाहेर बघत होता. दुर्गाडीच्या पुलावर बस अडकली, खाली खाडी भरलेली. तेव्हा बोलला, "दक्षीने दोन्ही लिवलेलं ना आये? हवेचं पण आणि भरावाचं पण?"

"लिवलेलं."

"तिचा कागद दिला असता तर?"

मी काय सांगणार? दिला असता तर अर्ज टिकला असता की नसता, मला काय समजतं. मी बोलले, "टिकला पण असता." तो मान हलवत राहिला. माझा लेक आहे, त्याचं डोकं पिकलंय. मला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण भर बसमध्ये कसं?

घरी आल्यावर एक बोलला. ते जसंच्या तसं लिहिते, कारण दोन वर्षांत तुझ्यासाठी त्याने पहिल्यांदा काही पाठवलंय. "तिला विचार, पोरीला खालच्या खोलीत निजवायची का."

नक्की सांग, असं काही बोलला नाही.

तुझी आजी


माजिवडा, गोदूबाईच्या बिल्डिंगच्या मागे
कार्तिक सुरू झाला

दक्षता बाय,

पत्ता बघून चमकलीस ना?

तुझं उत्तर आलं त्या दिवशी यज्ञेश वाचायला लागला तर महेंद्रने हात केला, मीच वाचतो बोलला. चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. मोठ्याने वाचलं नाही. वाचून मला दिलं. तू लिहिलेलं, "पप्पा, पुढच्या वर्षी पाणी येईल की नाही मला माहीत नाही. बहुतेक येणार पण नाही. पण जेव्हा येईल तेव्हा ते तिथी बघून येणार नाही. माझं बाळ असतं तर मी तिथे निजवलं नसतं."

आठवड्याभरात त्याने यज्ञेशला इथे भाड्याची जागा बघायला लावली. यज्ञेश भांडला. स्वतःच्या हाताने बांधलेली खोली, टाइल्स त्याने स्वतः निवडलेल्या. "बहुतेक येणार नाय असं ती स्वतःच लिहिते, मग जायचं कशाला?"

महेंद्र बोलला, "तू बहुतेकावर पोर निजवशील?"

ऐश्वर्याने त्याच दिवशी भांडी बांधायला घेतली.

इथे चौथा मजला. लिफ्ट आहे, रुचिताला लिफ्टचं बटण फार आवडतं, दिवा लागला की चित्कारते. चार बायका ओळखीच्या झाल्यात, एकीला मी सुकटीची चटणी शिकवली तर तिच्या नवऱ्याने खिडक्या उघडल्या म्हणे. बरं चाललंय. पण खिडकीतून हायवे दिसतो. गाड्या एकीकडून येतात, एकीकडे जातात, ओहोटी कशी ती नाहीच. सकाळी उठले की मी अजून अंदाज घेते, आता पाणी किती असेल. मग आठवतं की इथे त्याचा काही उपयोग नाही.

महेंद्र आला नाही. होडी तिथे, जाळी तिथे, तो तिथेच वरच्या खोलीत राहतो. खालच्या खोलीत जाळी ठेवतो. रविवारी मासे घेऊन येतो, नातीला मांडीवर घेतो, जेवतो आणि जातो. पाड्यावरचं आपलं घर असं फुटलं. पाण्याने नाही फोडलं, आम्हीच उचलून दोन जागी ठेवलं. ठीकच केलं असेल. पण ज्या वेळी तू सांगत होतीस त्या वेळी ऐकलं असतं तर वरच्या अंगाला सगळे एकत्र राहिलो असतो, असं मनात येतं, आणि मग भाजी करपते.

तू फोन का करत नाहीस बापाला? तो पण करत नाही. मी मध्ये टपालवाल्यासारखी.

तुझी आजी


माजिवडा
मार्गशीर्ष, पहिला गुरुवार

दक्षता,

वर्ष झालं मला पत्र लिहून. रुचिता चालायला लागली, मग धावायला लागली, मला पेन धरायला सवड कुठे? तिने माझा चष्मा दोनदा मोडला. तिसऱ्यांदा मी दोरी बांधून घेतलाय, मास्तरीण दिसते.

ह्या पावसाळ्यात पाणी आलं नाही. तुला बातम्यांत कळलंच असेल. पाऊस बरा पडला, पण पाड्यात कोणाचा ओटा भिजला नाही. मला वाटलेलं आनंद होईल. झाला पण. पण लोक बोलायला लागले ना. मासळी बाजारात, सोसायटीत, जिथे तिथे. "कुठे आलं पाणी? उगाच घर सोडून पळाले."

परवा पोपटकाकांच्या नातवाची हळद होती. आपल्या हळदीचं तुला सांगायला नको, नॉर्वेतल्या लग्नाला जेवढी माणसं येत नसतील तेवढी आपल्याकडे नुसती नाचायला येतात. मी पण नाचले दोन मिनिटं. ऐश्वर्याने व्हिडिओ काढलाय, मागू नको. जेवणं सुरू झाली तेव्हा बेंजोवाले थांबले, आणि तेवढ्या शांततेत पोपटकाका महेंद्रला बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं,

"काय महेंद्रशेठ, नातीला नेलंस माजिवड्याला लपवून. आलं काय पाणी?"

महेंद्रच्या हातात ताट होतं. "नाय आलं," बोलला.

"मग? चुकली ना तुझी पोर?"

"कशी चुकली? येणारच असं ती बोललीच नव्हती."

"म्हणजे पुन्हा नक्की नायच!" पोपटकाकांनी मांडीवर थाप मारली. चार जण हसले.

मला वाटलं हा आता ताट टाकून निघणार. ह्याचा राग मला ठाऊक आहे. पण तो ताट सावरून उभा राहिला. बोलला, "नाय काका. नक्की नाय. नक्की असतं तर मी पण तिथे राहिलो नसतो. नक्की नाय म्हणून तर फक्त पोरीला हलवली." आणि बोलला, "माझ्या दक्षीने तिला जेवढं माहीत तेवढंच मला सांगितलं. एक अक्षर जास्त नाय. मला ते कमी वाटलेलं."

कोणी हसलं नाही. रखमाबाईने त्याच्या ताटात वडे वाढले. पोपटकाका बेंजोवाल्यांवर ओरडले, पैसे कशाचे घेता, वाजवा.

हे सगळं तू समोर असताना बोलायला हवं होतं त्याने, त्या देवळात. तेव्हा त्याची जीभ दुसरीकडेच चालली. आता पोपटकाकांसमोर बोलला आणि तुला मी सांगतेय, ते पण शाई संपत आलेल्या पेनाने. एवढी वर्षं अशीच गेली गो, एकाचं दुसऱ्याला कळवण्यात.

मला सोडायला इथे आला तेव्हा चप्पल घालता घालता विचारलं, "आये, तिकडे आता किती वाजले असतील?"

मी बोलले, "मला काय ठाऊक? यज्ञेशला विचार."

विचारलं नाही. फोन काढला, बघितला, परत खिशात ठेवला आणि लिफ्टने खाली गेला.

तू कर बाय. तो उचलेल की नाही ते मला पण माहीत नाही. तू कर.

तुझी आजी
मनुबाई